सोबर, एकूण अकरा वेळा

सोबर हा शब्द मी इंग्रजी म्हणून कधी शिकलोच नाही. तो आमच्याकडे आधीपासूनच होता. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ज्यांना इंग्रजीतला दुसरा एकही शब्द येत नव्हता, त्यांनाही सोबर येत होता. दादरला साडी घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, "भडक दाखवू की सोबरमध्ये?" बदामी, राखाडी, चहात दूध जास्त झाल्यावर होतो तो रंग, हे सगळं सोबर. भिंतीचा रंग सोबर असायचा, लग्नपत्रिका सोबर असायची. माणसंही असायची. कमी बोलणारा, जिन्यात बाजूला होऊन वाट देणारा, विसर्जनात न नाचणारा मुलगा सोबर.

मी स्वतः याच विशेषणावर लग्न केलं. माझं स्थळ घेऊन गेलेली मावशी मुलीकडच्यांना म्हणाली, "मुलगा दिसायला यथातथाच आहे, पण एकदम सोबर आहे." सासरे हो म्हणाले. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग सांगितला जात होता तेव्हा वडिलांचं लक्ष कुठे होतं, असं बायको मला अजूनही अधूनमधून विचारते.

हे सगळं आधी सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं त्यात माझीही काही बाजू होती असं तुम्हाला वाटावं. फारशी नव्हती.

आमच्या शेजारच्या खोलीत मायलेकी राहतात. वडील गेले, भाऊ लग्न करून बदलापूरला गेला. मुलगी परळच्या एका इस्पितळात नर्स. तिला आयर्लंडमधल्या एका इस्पितळाने नोकरी देऊ केली होती. त्यासाठी तिने तीन वर्षं ड्यूट्या सांभाळून इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास केला होता. दोनदा थोडक्यात हुकली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि तेव्हापासून पॅसेजमध्ये नळाला पाणी आलं की नाही हेसुद्धा स्वच्छ उच्चारांत सांगायला लागली. आता एकच कागद बाकी होता. दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या, जबाबदारीच्या जागेवर काम केलेल्या माणसाचं पत्र. मुलगी कशी आहे, एवढंच लिहायचं. पत्र बरं आलं की नोकरी पक्की, नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला.

जबाबदारीच्या जागेवर काम केलेला माणूस आमच्या मजल्यावर मी एकटाच. गोदीजवळच्या एका शिपिंग कंपनीत चौतीस वर्षं मी पत्रव्यवहार सांभाळला. त्यामुळे चाळीत कुणालाही इंग्रजीत तक्रार, विनंती किंवा माफी लिहून हवी असली की ती माझ्याकडून जायची. तिन्हींचा मायना मी एकच वापरायचो.

ती संध्याकाळी ड्यूटीवरून परस्पर आली. "काका, तुम्ही लिहाल ना? पत्र तुमच्या ईमेलवरून थेट त्यांना जायला हवं. मी एक कच्चा ड्राफ्ट करून आणलाय, बघा हवा तर."

"ड्राफ्ट?"

"म्हणजे तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हॅम्बुर्गला पत्रं पाठवतोय."

"तसं नाही हो काका."

"तो कागद घरी ने," मी म्हणालो. "आणि निश्चिंत झोप."

तिने तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. बायको आतून म्हणाली, "अहो, बघून तरी घ्या तिने काय लिहिलंय." मी म्हणालो, मला माझी शैली आहे.

मी दोन दिवस लिहीत होतो. इंग्रजीत मुलीची स्तुती करायची तर हातात विशेषण हवं. आमच्या ऑफिसच्या पत्रांत माल ओला असायचा, फुटका असायचा, उशिरा आलेला असायचा. सोबर माल चौतीस वर्षांत एकदाही आला नव्हता. त्यामुळे तो शब्द माझ्याकडे अगदी कोरा शिल्लक होता, आणि ही मुलगी म्हणजे तर आमच्या मजल्यावरची सर्वांत सोबर व्यक्ती. मी हात आखडता घेतला नाही.

पत्राची प्रत माझ्याकडे आहे, म्हणून शब्दाला शब्द देतो. 'शी इज अ व्हेरी सोबर गर्ल.' ही सुरुवात. 'हर मदर इज ऑल्सो सोबर.' मग थोडा पुरावा द्यावा असं वाटलं. 'आय सी हर एव्हरी मॉर्निंग गोइंग टू ड्यूटी ॲण्ड शी इज सोबर. इव्हन व्हेन शी रिटर्न्स, शी इज सोबर.' गणपतीच्या दहा दिवसांत सगळी चाळ कशी वेडी होते, आणि त्यातही ही एकटीच सोबर कशी राहते, यावर एक परिच्छेद होता. तो मला फार आवडला होता.

इथवर लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एवढी एकतर्फी स्तुती वाचून साहेबलोकांना संशय येतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. एखादं उणंही दाखवावं, म्हणजे बाकीचं खरं वाटतं. म्हणून तिच्या भावाच्या लग्नाची गोष्ट घातली. त्या लग्नात ती आईच्या हट्टापायी पोपटी रंगाची, डोळ्यांत खुपेल अशी नऊवारी नेसली होती. आख्ख्या हॉलचं लक्ष नवरीऐवजी तिच्याकडे. मी लिहिलं, 'ओन्ली वन्स, ॲट हर ब्रदर्स वेडिंग, शी वॉज नॉट सोबर. दॅट वॉज ऑन रिक्वेस्ट ऑफ मदर. एव्हरीबडी वॉज लुकिंग. नेक्स्ट डे शी वॉज सोबर अगेन.'

करी रोडच्या झेरॉक्सवाल्याने ते टाइप केलं, माझ्या ईमेलवरून पाठवलं आणि म्हणाला, "काका, काय इंग्लिश आहे तुमचं!" मी त्याचा अर्थ तेव्हा वेगळा घेतला.

चौथ्या दिवशी दुपारी मला आयर्लंडहून फोन आला. बाईंचा आवाज फार मऊ होता. माझ्या स्पष्टपणाबद्दल त्यांनी आधी आभार मानले. असं मोकळेपणाने लिहायला धैर्य लागतं, म्हणाल्या. मी म्हणालो, नॉट ॲट ऑल, ते माझं कर्तव्य होतं.

मग त्यांनी विचारलं, ही मुलगी किती काळ सोबर आहे?

"सिन्स चाइल्डहुड, मॅडम."

मला वाटलं लाइन गेली.

"चाइल्डहुड?"

"येस मॅडम. मदर इज व्हेरी स्ट्रिक्ट."

मला कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. त्यांनी विचारलं, आणि त्या लग्नाच्या वेळचं काय? मी मनात म्हटलं, बघा, किती बारकाईने वाचलंय. त्यांना रंग कळावा म्हणून म्हणालो, "पॅरट ग्रीन, मॅडम."

"सॉरी?"

"पॅरट ग्रीन. व्हेरी स्ट्राँग."

"ॲण्ड... हाऊ मेनी?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. पण बाईमाणसाला साड्यांच्या संख्येत रस असणारच. "ओन्ली वन," मी म्हणालो. "बट नाइन यार्ड्स."

बाई म्हणाल्या, आम्ही अशा लोकांना वाऱ्यावर सोडत नाही, आमच्याकडे आधाराची व्यवस्था आहे. आणि फोन ठेवायच्या आत चार वेळा थँक यू म्हणाल्या. मी बायकोला सांगितलं, "झालं काम. फिदा आहेत माझ्या पत्रावर." तिने मला त्या दिवशी चहाबरोबर शंकरपाळे दिले. ते शेवटचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मुलगी युनिफॉर्ममध्येच होती, मोबाइल हातात. मागे तिची आई.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही काय लिहिलंत?"

"का गं? पत्र आवडलं ना त्यांना?"

"त्यांचं मेल आलंय, सोबत तुमचं पत्रही जोडलंय. नोकरीचं पत्र थांबवलंय. शुक्रवारपर्यंत हा फॉर्म भरून द्यायचा, मग त्यांचे डॉक्टर ठरवणार मला घ्यायचं की नाही." तिने मोबाइल वाचायला सुरुवात केली, त्याच परीक्षेच्या उच्चारांत, आणि मग मधेच मराठीत आली. "पहिला प्रश्न, दारू कितव्या वर्षी सुरू केली. दुसरा, सोडल्याला किती दिवस झाले. आणि इथे खाली त्यांनीच लिहिलंय, 'भावाच्या लग्नात एकदा पुन्हा सुरुवात, हिरव्या रंगाचं कडक पेय, नऊ यार्ड.' काका, नऊ यार्ड काय?"

"नऊवारी," मी म्हणालो.

तिने मोबाइलचा पडदा माझ्याकडे वळवला.

"अगं, सोबर म्हणजे..."

"सोबर म्हणजे दारू न प्यायलेली, काका. जो पितो त्याच्याबद्दल म्हणतात, आज प्यायलेला नाही. तुम्ही अकरा वेळा लिहिलंय, मी मोजलं. रोज सकाळी ड्यूटीला जाताना ही प्यायलेली नसते, असं लिहिलंय तुम्ही. इस्पितळाला! परत येतानाही नसते म्हणे!"

आईला एवढंच कळलं की दारूचा काहीतरी विषय आहे. ती आमच्या दारात उभी राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या चेडवान कधी थेंब तोंडाक लावूक नाय! कोण म्हणता ता?"

"ह्यांनी लिहिलंय वहिनी," माझी बायको म्हणाली. "तुमच्याबद्दल पण लिहिलंय."

मुलीने मोबाइल खाली केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "मी ड्राफ्ट आणला होता काका." आणि ड्यूटीला निघून गेली. तो कागद अजून तिच्या पर्समध्येच होता, चार घड्यांचा.

तेव्हा मंगळवार होता.

आधी मी डिक्शनरी काढली. तिच्यात पहिला अर्थ मुलीने सांगितलेला होता आणि चौथा माझा. साधे, सौम्य, भडक नसलेले. म्हणजे अगदीच चुकलो नव्हतो, असं मी बायकोला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "तो चौथा अर्थ आता आयर्लंडला जाऊन सांगा."

मग मी माझगावला गेलो. तिथे माझा एक जुना मित्र राहतो. ऑफिसात चौतीसपैकी बावीस वर्षं त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. तो तिथल्या जुन्या कॅथलिक वस्तीतला, घरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही मूळची. त्या बावीस वर्षांतली निम्मी वर्षं तो जेवणाच्या सुट्टीत बाहेर जायचा आणि परत आला की मी त्याची पत्रं लिहायचो. मग एके दिवशी त्याने सोडली. आम्ही असंच म्हणतो, सोडली. काय ते कुणी विचारत नाही.

सोबर माणसाच्या माझ्या व्याख्येत तो कधीच बसला नसता. तो मोठ्याने हसतो, आणि रिटायर झाल्यापासून जे शर्ट घालतो ते आमच्या पॅसेजमध्ये वाळत टाकले तर कावळे बसणार नाहीत. त्या दिवशीच्या शर्टावर अननस होते.

त्याने पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नऊ यार्डचं सांगितल्यावर म्हणाला, "यार्ड म्हणून बिअरचा एक ग्लास पण असतो, मॅन. हाताएवढा लांब. एक संपवला तरी लोक टाळ्या वाजवतात. तू पोरीला नऊ पाजलेस."

मी म्हटलं, हस आता.

तो हसला नाही. "मी सोबर आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या शर्टाकडे बघितलं.

"शर्ट नको बघू. गेल्या नाताळाला चौदा वर्षं झाली. चर्चमागच्या हॉलमध्ये आमची मीटिंग असते दर आठवड्याला. तिथे उभं राहून हेच बोलतो. तू बोलतोस सोडली. सोडली म्हणजे काय, एकदा सोडली, खलास, फाइल बंद. तसं नसतं रे. सकाळी उठलो की आज सोबर. उद्याचं उद्या. हा शब्द मी रोज कमावतो, आणि तू साला साडीला लावतोस."

बावीस वर्षं शेजारी बसून मला त्याच्याबद्दल हे माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "डिक्शनरीत चौथा अर्थ आहे."

"चहा पी," तो म्हणाला.

मग आम्ही नवीन पत्राला बसलो. त्याने दोन अटी घातल्या. तो शब्द एकदाच वापरायचा आणि बरोबर वापरायचा. दुसरी अट मला जड गेली. मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, हे पत्रात सरळ लिहायचं.

मी म्हणालो, "टायपिंगची चूक म्हणू या."

"अकरा वेळा?"

"मग झेरॉक्सवाल्याने परस्पर घातलं म्हणू."

"आणि फोनवर पण झेरॉक्सवाला बोलला?"

मी तीन मसुदे केले. पहिल्यात 'सम कन्फ्यूजन हॅज ॲरायझन' होतं, म्हणजे गोंधळ कुठूनतरी आपोआप उगवला होता. दुसऱ्यात भारतीय आणि आयरिश संस्कृतींमधला फरक होता. तिसऱ्यात डिक्शनरीतला चौथा अर्थ, पान नंबरसकट. त्याने तिन्ही फाडले नाहीत, फक्त उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला दिले. शेवटी म्हणाला, "तुझं इंग्लिश वाचवायचं की पोरीची नोकरी? एक बोल. दोन्ही नाय वाचत."

चौतीस वर्षं मी परदेशी कंपन्यांच्या चुका दाखवून देणारी पत्रं लिहिली होती. स्वतःची एकदाही नाही. तो मायनाच माझ्याकडे नव्हता. बराच वेळ मी पेनाचं टोपण लावत आणि काढत बसलो. मग मला ती पर्समधली चार घड्यांची चिठ्ठी आठवली आणि मी लिहिलं.

पत्र सहा ओळींचं झालं. 'पहिल्या पत्रात अकरा वेळा आलेल्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. मला म्हणायचं होतं की ही मुलगी भडक कपडे घालत नाही. ती दारू पीत नाही, कधी प्यायलेली नाही, तिची आईही नाही. नऊ यार्ड म्हणजे साडी, फोटो सोबत जोडला आहे. तिने मला स्वतः लिहिलेला मसुदा दिला होता, तो मी गर्वाने परत केला, त्यात तिचा दोष नाही.' ही झाली माझी माफी, आणि ती पहिल्यांदाच माझ्या नेहमीच्या मायन्याशिवाय गेली.

शेवटची ओळ मित्राने सांगितली आणि मी घेतली. 'आय रोट द फर्स्ट लेटर कम्प्लीटली सोबर, ॲण्ड आय हॅव नो अदर एक्स्क्यूज.' पहिलं पत्र लिहिताना मी एक थेंबही प्यायलेला नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे दुसरी कुठलीही सबब नाही. तो म्हणाला, आता शब्द बरोबर बसला.

या वेळी मी पत्र पाठवण्याआधी शेजारच्या दारावर थाप मारली. मुलगी उभ्याउभ्या वाचत गेली. माझ्या दोन स्पेलिंगच्या चुका तिने पेनने दुरुस्त केल्या, मी विरोध केला नाही. शेवटच्या ओळीला तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण ती बोलली ते एवढंच, "फोटो कुठला लावताय?" मी दाखवला. "शी! ह्यात माझे डोळे मिटलेत, हा बघितला तर त्यांना खरंच वाटेल." दुसरा निवडला.

गुरुवारी पत्र गेलं. शुक्रवार गेला. शनिवारी माझी बायको माझ्याशी फक्त गॅस सिलेंडरबद्दल बोलली. सोमवारी संध्याकाळी पलीकडच्या खोलीतून आईचा मोठा आवाज आला आणि मी आधी दाराला कडी घातली. पण तो आवाज आनंदाचा निघाला. फॉर्म रद्द झाला होता, नोकरीचं पत्र आलं होतं, दीड महिन्याने रुजू व्हायचं. खाली त्या बाईंनी लिहिलं होतं की साडीचा फोटो त्यांनी वॉर्डातल्या फळ्यावर लावलाय, आणि तुझ्या शेजाऱ्यांना आमचा नमस्कार सांग.

मित्राला फोन केला तर म्हणाला, "गुड. आता नाताळात हॉलमध्ये ये. माझी पंधरा होतील. एक वाक्य बोलावं लागेल तुला. तयारी करून ये."

निघायच्या आधल्या रविवारी आई म्हणाली, मुलीला एक चांगली साडी घेऊ, तिकडे सणावाराला होईल. दादरला आम्ही चौघं गेलो. त्या मायलेकी, माझी बायको आणि पिशव्या धरायला मी. इतकी वर्षं मुलीला काय शोभतं हे आईनेच ठरवलेलं, आणि भावाचं लग्न सोडलं तर ते नेहमी दुधाळ चहाच्या रंगाचं असायचं. सेल्समनने गादीवर बसवलं, पाणी दिलं, मुलीकडे एकदा बघितलं आणि सवयीने मागच्या बदामी गठ्ठ्याकडे हात नेला.

"ताईंना सोबरमध्ये दाखवू ना?"

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. मुलगी छताच्या पंख्याकडे. मी पिशव्यांचे बंद सारखे केले.

"नको रे बाबा," आई गंभीरपणे म्हणाली. "सोबर नको. विझाक प्रॉब्लेम येता."

सेल्समनने समजल्यासारखी मान हलवली, बदामी गठ्ठा जागेवर ठेवला आणि आतल्या माणसाला हाक मारून सांगितलं, पोपटी काढ.